बारा-तेरा सर

गल्लीत त्याला सगळे बारा-तेरा म्हणत. मेकॅनिकच्या पेटीत बारा-तेराचा एक पाना असतो, एका तोंडाला बारा नंबरचा नट, दुसऱ्याला तेरा. पण त्याचं नाव पडलं ते बारा धंदे आणि तेरा नोकऱ्या यावरून. ते ठेवलं कोपऱ्यावरच्या शिंप्यानं, आणि शिंप्यानं दिलेलं नाव अंगाला बरोबर बसतं, असं त्याची बायकोच म्हणे. नवऱ्याबद्दल असं उघड बोलणारी बाई गल्लीत ती एकटी होती. बाकीच्या आपापल्या नवऱ्यांबद्दल मनातच बोलत.

लग्न ठरलं तेव्हा तो टायरच्या दुकानात होता. लग्न लागलं तेव्हा गाड्यांचे पोचे काढून रंग मारणाऱ्या शेडमध्ये. मधल्या काळात नोकरी बदलल्याचं तिच्या माहेरी कळवायचं राहून गेलं होतं. पाठवणीच्या वेळी तिच्या वडिलांनी जावयाचा हात हातात घेतला आणि नखांत रबराऐवजी लाल रंग बघून ते जरा थांबले, पण तोवर गाडी सुरू झाली होती.

पुढची सगळी कारकीर्द तिनं धुतली. त्याला विचारायची गरजच नसे, कपडे बादलीत भिजवले की तो सध्या कुठे आहे ते कळे. शेडमध्ये असताना रुमालातसुद्धा रंग निघे. ट्रकच्या मोठ्या डेपोत लागला तेव्हा ग्रीस आलं, गुळाच्या काकवीसारखं चिकट, कपडे उकळत्या पाण्यातून काढले तरी हाताला लागणारं. मग शोरूममध्ये सर्व्हिसचा साहेब झाला. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, फक्त कॉलर मळायची. ते दीड वर्ष तिच्या हाताला सुखाचं गेलं. मग सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर, तेव्हा पुठ्ठ्याची धूळ. मग विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या बघायच्या, किती मोडली, किती भरून द्यायचं ते सांगायचं. त्या दिवसांत एकदा पँटवर तपकिरी डाग आला. ग्रीसचा नव्हता, रंगाचाही नव्हता. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दोन महिन्यांनी त्यानं तेही काम सोडलं.

त्याला कुणी कधी काढलं नाही, हे मात्र खरं. तोच सोडायचा. "शिकून झालं," एवढंच म्हणायचा. जेवताना, पाणी पिऊन झाल्यासारखं.

"अहो, शिकून झालं की लोक कमवायला लागतात," ती म्हणे. "तुम्ही परत पहिलीत जाऊन बसता."

"नट एका जागी राहिला की गंजतो."

"आणि सारखा सोडला-आवळला की त्याचे आटे जातात."

यावर तो हसे. आपली बायको गाड्यांच्या भाषेत टोमणे मारते याचा त्याला अभिमान होता. टोमणा कशाबद्दल आहे इकडे त्याचं लक्ष नसे.

त्यातला एक टप्पा मात्र तिनं जपून ठेवला होता. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला होता तेव्हाचा. दुपारी शिकाऊ गाडी रिकामी असे. एकदा त्याला जेवण द्यायला गेली असताना ती सहज म्हणाली, "मला शिकवता?" तो हसेल अशी तिची तयारी होती. तो हसला नाही. त्यानं दार उघडून दिलं आणि स्वतः शेजारी जाऊन बसला.

घरात 'मीठ कमी आहे' आणि 'किल्ली कुठे ठेवलीस' यापलीकडे न बोलणारा हा माणूस त्या गाडीत वेगळाच होई. "घाई नाही. ती काय म्हणते ते ऐक. गाडी आधी सांगते, मग अडते." भर चौकात तिच्या हातून गाडी बंद पडली, मागे हॉर्नांचा गदारोळ झाला, ती नुसतीच चावी फिरवत राहिली. तो खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाला, "वाजवू दे. हॉर्न वाजवायला अक्कल लागत नाही. तू न्यूट्रल कर, श्वास घे, मग चावी." एकदाही त्याचा आवाज चढला नाही. एकदाही 'तुला नाही जमायचं' आलं नाही. हा माणूस घरी नेता आला तर काय बहार होईल, असं तिला वाटे. पण गाडीतून उतरला की तो आपला पुन्हा, "चहा ठेव."

लायसन्स तिला पहिल्या फटक्यात मिळालं. त्या महिन्यातच त्यानं ड्रायव्हिंग स्कूल सोडलं.

त्यानंतर तो एका प्रशिक्षण संस्थेत लागला. दहावीनंतर पुढे फार न जमलेली मुलं तिथे येत आणि मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडत. वर्कशॉप शिकवायला त्यांना माणूस हवा होता. तो गेला आणि त्याला आपलं पाणी सापडलं. टायर, रंग, डेपो, शोरूम, काउंटर, अपघात, या सगळ्या इकडच्या-तिकडच्या विटांची एकदम भिंत झाली. मुलं म्हणत, इतर सर पुस्तकातलं सांगतात, हे सर सांगतात की गिऱ्हाईक खोटं कसं बोलतं, इंजिन खोटं कसं बोलत नाही, आणि जळालेल्या क्लचचा वास कसा ओळखायचा. बादलीत आता खडूची धूळ येऊ लागली. गल्लीत बारा-तेराचे 'बारा-तेरा सर' झाले. शिंप्यानंच बढती दिली.

नोकरी मात्र कंत्राटी होती. दरवर्षी संपायची, दरवर्षी परत मिळेल की नाही या घोरात एक-दोन महिने जायचे. त्या महिन्यांत घर तिच्या कामावर चाले. गल्लीतल्या व्हॅनवाल्या काकांच्या तीन व्हॅन होत्या, शाळेची मुलं ने-आण करणाऱ्या. त्यातल्या एकीत ती मुलं सांभाळायला जाई. चढव, उतरव, बाटली पडली, नाक पूस, कुणी कुणाला चिमटा काढला त्याचा निवाडा कर. पुढे ड्रायव्हर, मागे ती. लायसन्स पर्समध्ये.

"काका, चालवायला द्या की एकदा," ती म्हणे.

"ताई, लायसन्स असून काय होतं? लोकांच्या मुलांचा मामला आहे. माझ्या गाडीवर बाई ड्रायव्हर बघितली की आयाच आधी ओरडतील."

आया ओरडणार नव्हत्या. तिनं एकेकीला विचारून बघितलं होतं. उलट पुढच्या गल्लीतल्या सगळ्या जणी म्हणाल्या, तुम्ही स्वतःची गाडी काढा, मुलं तुमच्याकडेच. हे तिनं काकांच्या कानावर घातलं. काका धंद्यात मुरलेला माणूस. तो रागावला नाही. त्यानं हिशोब केला आणि म्हणाला, "पुढच्या गल्लीसाठी मला लांबचा वळसा पडतो. तुमची गाडी शाळा उघडायच्या आत रस्त्यावर आली, तर ती गल्ली तुमची. नाही आली तर मी चौथी व्हॅन घालतो. मग मागायला येऊ नका."

माहेरून आलेलं थोडं सोनं होतं. लेकीच्या लग्नातून उरलेलं. तिनं ते मोडलं आणि एक जुनी व्हॅन घेतली. कागद नवऱ्याच्या नावावर झाले, कारण गाडी विकणारा सगळा व्यवहार त्याच्याशीच बोलत होता आणि ती शेजारी उभी होती. तिला ते तेव्हा फारसं खटकलं नाही. गाडी निवडून त्यानंच दिली होती. पत्रा चांगला, चाकं चांगली, इंजिन थकलेलं.

"इंजिन उघडावं लागेल," तो म्हणाला.

"गॅरेजला टाकूया."

"गॅरेजला? माझ्या घरातली गाडी गॅरेजला?" तो खरोखर दुखावला. "संस्थेत नेतो. मुलांना प्रॅक्टिकल होईल, तुझं काम होईल. तिथलं शिकवायचं इंजिन गं, इतक्या बॅचेसनी उघडून लावलंय की त्याला आता इंजिन म्हणायची लाज वाटते. कधी सुरू झालेलंच नाही ते. मुलांना जिवंत इंजिन बघायला मिळू दे."

जिवंत हा शब्द त्यानं असा उच्चारला की तिला नाही म्हणवेना. शाळा उघडायला सुट्टीचा पूर्ण काळ पडला होता. शिंप्याच्या मशीनवर बसून तिनं सीटची कव्हरं शिवायला घेतली, जाड निळ्या कापडाची. मुलांच्या बुटांनी मळतील म्हणून खालची पट्टी काळी.

सुरुवातीचे दिवस तो घरी आला की बोलतच राही. आज हेड उतरवलं. आज पिस्टन काढले. एका मुलानं विचारलेला प्रश्न, त्याला आपण दिलेलं उत्तर. ती कणीक मळता मळता ऐके आणि मधेच विचारी, "बसेल ना वेळेत?" तो म्हणे, "बसेल गं. हातचा मळ आहे."

मग संस्थेत तपासणी समिती येणार असल्याचं पत्र आलं. समितीनं संस्थेला चांगला शेरा दिला तर काही कंत्राटी जागा कायम होणार होत्या. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, वर्कशॉप आरशासारखं दिसलं पाहिजे. काळा डाग कुठे दिसता कामा नये. ज्या जागेत काळे डाग पाडायलाच मुलं येतात तिथे.

त्यात ते घडलं.

इंजिनाच्या पोटात एक जाड दांडा फिरतो, त्याला क्रँक म्हणतात. त्याला खालून धरायला लोखंडी कमानी असतात, त्या कॅप. सगळ्या दिसायला एकसारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. पण जिचं घर तिलाच. पहिलीची जागा दुसरीला दिली, किंवा तीच उलटी बसवली, तर क्रँक आवळला जातो आणि फिरायचं नाव घेत नाही. नव्या इंजिनात कंपनीचे आकडे असतात. या इंजिनाला आधी कुणाचे तरी हात लागून गेले होते, आकडे घासून गेलेले. अशा वेळी मेकॅनिक काय करतो, तर टोकदार पंच घेतो, हातोडीचा ठोका देतो आणि लोखंडावरच टिंब पाडतो. पहिल्या कॅपला एक, दुसरीला दोन. ती खूण जन्माची. टायरच्या दुकानातून निघाल्यापासून त्यानं असे हजार ठोके दिले असतील, डोळे मिटून.

या वेळी भोवती वर्ग उभा होता. मागच्या मुलांना टिंबं दिसत नव्हती. त्यानं रंगाच्या डब्या मागवल्या. पहिलीला पिवळा ठिपका, दुसरीला दोन लाल, तिसरीला निळे. तोंड कुठे, मागची बाजू कुठे, त्याचे बाण. छान दिसलं. लांबून, शेवटच्या मुलालासुद्धा. मेकॅनिकनं पंच मारला असता. सरांनी रंग लावला.

आणि मुलांनी, आरशासारखं दिसलं पाहिजे म्हणून, सगळ्या कॅप रंग विरघळवणाऱ्या थिनरच्या एकाच परातीत टाकल्या, ब्रशनं घासल्या आणि पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडून ठेवल्या. चांदीच्या भांड्यांसारख्या. शाबासकीसाठी सरांना हाक मारली.

हे तिला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी तो घरी आला आणि बोलला नाही, एवढंच कळलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती जेवण घेऊन स्वतःच संस्थेत गेली.

वर्कशॉपमध्ये मुलं नव्हती. तो एकटा इंजिनावर वाकला होता. एक कॅप बसवे, आवळे, दुसरी बसवे, आवळे, मग लांब दांडी लावून क्रँक फिरवायला जाई. क्रँक हलत नसे. परत सगळं सोडी. परत दुसरा मेळ. त्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. तिला ती पाठ ओळखीची वाटली नाही. आजवर त्या पाठीला कधी घाई नव्हती.

"काय झालं?"

त्यानं सांगितलं. लपवलं नाही, सांगायची पद्धतही तीच शांत, चौकातली. तिनं ऐकून घेतलं.

"मग आता?"

"मेळ लागेल. नाहीच लागला तर मशीनवर न्यायचं. सगळ्या कमानी एका रेषेत नव्यानं कातून घ्यायच्या. थोडे दिवस जातील, पण होतं ते."

"नक्की होतं?"

"अगं, होतं म्हणजे होतं. मेलेलं नाहीये इंजिन."

"मग द्या ना मशीनवर. आजच द्या."

"समिती येऊन जाऊ दे. आत्ता मला श्वास घ्यायला वेळ नाही."

"शाळा उघडायच्या आत गाडी उभी राहिली पाहिजे. काका थांबायचा नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

ती परत गेली. कव्हरं शिवून झाली होती. तिनं ती संस्थेच्या आवारात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये नेऊन चढवली. इंजिन नसल्यामुळे गाडीचं नाक वर झालं होतं, नको त्या प्रश्नाला मान उडवल्यासारखं. ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि मागच्या रिकाम्या निळ्या सीटकडे बघितलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून गिअर टाकला.

समिती आली त्या दिवशी प्रदर्शन होतं. घरच्या मंडळींना आमंत्रण होतं. ती चांगली साडी नेसून गेली. वर्कशॉप ओळखू येत नव्हतं. मधोमध टेबल, टेबलावर पांढरा कपडा, कपड्यावर एक इंजिन. उभं अर्धं कापलेलं. कलिंगडाची फोड कापावी तसं. आतले पिस्टन, वाल्व, क्रँक सगळं उघडं. पाण्याच्या वाटा निळ्या, तेलाच्या पिवळ्या, जिथे आग पेटते ती जागा लालभडक. हँडल फिरवलं की पिस्टन वर-खाली होत. कॅप घासून सैल केल्या होत्या, त्यामुळे आता क्रँक लोण्यासारखा फिरत होता.

खाली पितळी पट्टी, 'संकल्पना व मार्गदर्शन', आणि त्याचं पूर्ण नाव.

"या काकू, पुढे या," छडी घेतलेला मुलगा म्हणाला. त्याला ती सरांची बायको आहे हे माहीत नव्हतं. "हे खऱ्या व्हॅनचं इंजिन आहे. असं मॉडेल विकत घ्यायचं तर संस्थेला परवडलं नसतं. सरांनी स्वतःच्या घरचं दिलं."

इंजिनाच्या एका कानाचा टवका उडालेला होता. गाडी घेतली त्या दिवशी तिनंच तो कपड्यानं पुसता पुसता नवऱ्याला दाखवला होता, आणि तो म्हणाला होता, 'त्यानं काही बिघडत नाही.' टवक्यावरसुद्धा निळा रंग लावला होता.

समितीतले एक गृहस्थ हँडल फिरवत होते आणि लहान मुलासारखे खूश होत होते. प्राचार्य त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. तो मधे, इस्त्रीच्या शर्टात. त्याची नजर तिच्याकडे गेली आणि लगेच इंजिनाकडे वळली. समजावून सांगायला त्याच्याकडे पुष्कळ होतं, तो समजावून सांगत राहिला. फार सुंदर सांगत होता. तिलासुद्धा कळलं, त्या लाल जागेत काय होतं ते.

टाळ्या वाजल्या तेव्हा ती आवारात गेली. व्हॅनची कव्हरं एकेक करून काढली. नवं कापड, नव्या नाड्या, गाठी सुटेनात. दातांनी सोडवल्या. घड्या घालून काखोटीला मारली आणि घरी आली.

संध्याकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. पुडा टेबलावर ठेवला. ती भाजी चिरत होती.

"कायम झालो," तो म्हणाला.

"ऐकलं."

"प्राचार्यांनीच सुचवलं. म्हणाले, बंद इंजिन टेबलावर ठेवून काय दाखवणार? कापा. तसंही ते लागत नव्हतं."

"मशीनवर लागणार होतं. मेलेलं नाही म्हणाला होतात."

"वेळ कुठे होता?"

"समितीला वेळ नव्हता. माझ्या शाळेला होता." तिनं सुरी खाली ठेवली. "कापायच्या आधी मला विचारलंत?"

त्यानं पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडली. मग, अगदी खरं बोलायचं ठरवल्यासारखा म्हणाला, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

 तिनं सुरी उचलली.

"नवी घेऊ," तो म्हणाला. "आता कायम झालोय. कर्ज मिळेल. जरा स्थिरस्थावर होऊ दे, नवी कोरी घेऊ."

"गल्ली गेली."

"दुसरी गल्ली मिळेल. आणि खरं सांगू? आता गरज काय आहे तुला? इतकी वर्षं राबलीस. आता बस की निवांत."

लेकीनं फोनवर तेच सांगितलं. "आई, बाबांचं इतक्या वर्षांनी चांगलं झालं आणि तू तोंड फिरवून बसलीस? एका भंगार इंजिनासाठी? आता घरात रग्गड येईल. तुला कशाला हवी ती मुलांची कटकट?"

"तुझ्या नवऱ्यानं तुझी नोकरी कापून शोकेसमध्ये ठेवली की मग बोलू," ती म्हणाली. लेकीनं फोन ठेवला आणि पंधरवडाभर केला नाही.

पेढे गल्लीत तिनंच वाटले. घरोघरी जाऊन. बायका म्हणाल्या, नशीब काढलंस. पुढच्या गल्लीतल्या एकीनं मात्र पेढा हातात धरून विचारलं, "मग तुमची गाडी?" ती म्हणाली, "गाडी कायम झाली." त्या बाईला काही कळलं नाही, पण तिनं पेढा तोंडात टाकला.

शाळा उघडायच्या आधी ती व्हॅनवाल्या काकांकडे गेली. काकांनी चौथी व्हॅन घेतली होती. दारातच उभी होती, पिवळी.

"ताई, मी सांगितलं होतं, मागायला येऊ नका."

"गल्ली मागत नाहीये. ड्रायव्हर मिळाला का तुम्हाला?"

"बघतोय."

"पुढच्या गल्लीतल्या आयांना विचारा, त्यांना कोण हवं ते. आणि मुलं सांभाळायला वेगळी बाई ठेवू नका, दोन्ही मीच करते. पगार एकीचाच द्या, पण ड्रायव्हरचा."

काका धंद्यात मुरलेला माणूस. त्यानं पुन्हा हिशोब केला. किल्ली दिली.

ज्या रस्त्यावर तिची स्वतःची गाडी फिरायची होती, त्याच रस्त्यावर ती आता काकांची गाडी फिरवू लागली. तेच थांबे, तीच मुलं, तीच नाकं. महिनाअखेरीला पगार. नवरा आधी म्हणाला, "लोक काय म्हणतील, कायम झालेल्या सरांची बायको दुसऱ्याची व्हॅन चालवते?" मग म्हणाला, "बरं, हौस आहे तर चालव." मग काहीच म्हणाला नाही. रात्रीच्या जेवणाला दोघं समोरासमोर बसत. मीठ कमी आहे असंही तो आता म्हणत नसे, उठून घेऊन येई.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी गाडी त्यांच्याच दारासमोर अडली. पहिली चार मुलं मागे बसली होती. चावी फिरवली की इंजिन खोकल्यासारखं करी आणि थांबे. तो आत शर्टाची बटणं लावत होता. आवाज ऐकून तसाच पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर आला. शेजारच्या खिडक्यांत बायका आल्या. शिंप्यानं शटर अर्धं उचलून ठेवलं.

"बॉनेट उघड," तो म्हणाला. "कळलंय मला काय आहे ते. दोन मिनिटांचं काम."

ती खाली उतरली. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"हात लावू नका."

"अगं, काय वेडेपणा? मुलं खोळंबलीत."

"काकांना फोन केलाय. त्यांचा मेकॅनिक येतोय."

"माझ्या दारात? मी असताना?"

तिनं हात तसाच ठेवला. मागून एका मुलीनं विचारलं, "आजी, उशीर होईल का?" ती म्हणाली, "झालाय थोडा. होऊ दे."

मेकॅनिक स्कूटरवरून आला. विशीतला, पाठीला पेटी. उतरता उतरता त्याचा चेहरा उजळला. "सर! तुमचं घर इथे? मग मला कशाला बोलावलं काकू? सर आहेत की!" त्याच संस्थेतला, दोन बॅच आधीचा. तो वाकून सरांच्या पाया पडायला लागला.

"सर शिकवतात," ती म्हणाली. "दुरुस्ती तू कर."

मुलगा अर्ध्यातच थांबला. एकदा सरांकडे, एकदा काकूंकडे बघितलं. मग त्यानं मुकाट्यानं बॉनेट उघडलं. सर तिथेच उभे राहिले, हातात स्क्रू-ड्रायव्हर, शर्टाचं शेवटचं बटण उघडं. मधे एकदा त्यांच्या तोंडून गेलं, "आधी प्लग बघ." मुलगा म्हणाला, "हो सर," आणि पेट्रोलची नळी तपासत राहिला. नळीतच कचरा होता. त्यानं फुंकर मारून काढला, नळी लावली, हात पुसले.

"मारा सेल्फ, काकू."

इंजिन सुरू झालं. मुलांनी मागे टाळ्या पिटल्या. ती आत बसली, दार ओढलं. तो खिडकीशी आला, वाकला आणि फार दिवसांनी चौकातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाला, "लगेच रेस देऊ नकोस. थोडा वेळ ऐक, काय म्हणते ते..."

तिनं काच वर केली. पुढच्या गल्लीत मुलं वाट बघत होती.